पाहिजे: न घाबरणारा पहारेकरी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं, फक्त नोकऱ्या नव्हत्या.

तुम्हाला खोटं वाटेल. पण त्या जंगलात माकडं फांद्या हलवायची ती हौसेने, सुतारपक्षी भोकं पाडायचा तो सवयीने, आणि पाणवठ्यावर वाघ आला की जो तो ओरडायचा तो जिवाच्या भीतीने. एवढं सगळं काम रोज होत होतं आणि ते करायला एकही कर्मचारी नेमलेला नव्हता. अशा जंगलाला मागासलेलं म्हणतात.

तिथल्या राजाला, म्हणजे वाघाला, ही गोष्ट फार खटकायची. विशेषतः ते ओरडणं. राजा संध्याकाळी पाणवठ्याशी यायचा, गवतात दबून बसायचा, आणि नीट बसतो न बसतो तोच आधी टिटवी, मग वानरं, मग भेकरं असा एकच कल्ला सुरू व्हायचा. क्षणात पाणवठा रिकामा. राजा उपाशीपोटी परत. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कारभाऱ्याच्याही दिसायला लागल्या होत्या, कारण कारभारी तरस होता आणि राजाच्या ताटात उरेल ते खायचं हाच त्याचा पगार होता.

तरसाने डोकं चालवलं. त्याने दवंडी पिटवली की जंगलात ओरडण्याच्या कामात काही शिस्तच राहिलेली नाही, कुणीही उठतो आणि ओरडतो. सबब यापुढे पाणवठ्यावर परस्पर ओरडायला बंदी. रीतसर परीक्षा घेऊन एक इशारा अधिकारी नेमला जाईल. वाघ आलाय अशी त्याची खात्री पटली तर तो वरिष्ठांची परवानगी घेऊन ओरडेल. बाकीच्यांनी मान खाली घालून पाणी प्यावं.

आता जंगलाने काय केलं असेल, ओळखा बरं. नाही, रागावलं कुणीच नाही. सगळे अर्ज करायला धावले.

धावणाऱ्यांत केशर होती. केशर ही भेकराची पोर. भेकर म्हणजे हरणाच्याच भावकीतलं, बकरीएवढं एक जनावर. दिसायला गरीब, पण भुंकतं कुत्र्यासारखं. पान पडलं तरी भुंकतं. वाघाचा नुसता वास आला की घशातून आवाज आपोआप बाहेर पडतो, विचार करायला सवडच मिळत नाही. म्हणजे केशर या नोकरीसाठीच जन्मली होती, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात. नोकरीसाठी जन्मून भागत नाही, पास व्हावं लागतं.

आणि पास होण्याच्या बाबतीत केशरचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. जंगलात परीक्षा अधूनमधून व्हायच्या, नेमणूक तेवढी कुणाची व्हायची नाही. मागे पानगळ मोजणीदाराची जागा निघाली होती. केशरने पावसाळाभर अभ्यास केला. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात आली, आणि पहिलाच प्रश्न बघून ती भुंकली. भेकर भुंकलं म्हटल्यावर सगळे उमेदवार उठून पळाले. त्यांच्यामागून पर्यवेक्षक असलेला गवासुद्धा पळाला. परीक्षा रद्द झाली ती आजतागायत रद्द आहे. त्यानंतर काजवे तपासनीसाच्या परीक्षेला ती बसली तेव्हा तरसाने तिच्या जवळपास कुणाला बसूच दिलं नाही. ती एकटीच भुंकली आणि एकटीच पळाली.

आता तिचं वय होत आलं होतं. येत्या वसंतात ती वयोमर्यादेच्या पलीकडे जाणार होती. ही शेवटची संधी, हे तिला ठाऊक होतं, तिच्या मावशीला ठाऊक होतं, आणि मावशीला ठाऊक असल्यामुळे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. वाटेत भेटेल तो जिव्हाळ्याने विचारायचा, काय गं, यंदा तरी होईल ना? ह्या जिव्हाळ्याने केशरची झोप उडाली होती.

पण खरं सांगायचं तर केशरला ही जागा स्वतःसाठी नको होती. तिला ती आईसाठी हवी होती. तिच्या आईला सगळे गोदाक्का म्हणत. गोदाक्काचा मागचा एक पाय अधू होता. तरुणपणी त्यावर वाघाचा पंजा पडला होता आणि तो सोडवून घेताना थोडा पाय तिथेच राहिला होता. त्यामुळे ती पाणवठ्यावर पोचायची ती सगळ्यांच्या शेवटी, रानडुकरं लोळून गेल्यावर. कितीतरी वर्षं ती चिखलच पीत आली होती, आणि तक्रार म्हणून कधी केली नव्हती. इशारा अधिकाऱ्याच्या जाहिरातीत सगळ्यात खाली एक ओळ होती: अधिकाऱ्याच्या कुटुंबाला दिवसाचं पहिलं पाणी. ती ओळ वाचून केशरला भरून आलं. आपल्या आईने एकदा तरी नितळ पाणी प्यावं, त्यात तिला तिचं तोंड दिसावं, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून तिने ठरवलं की या वेळी तयारी करायची ती नीट करायची, आणि मुख्य म्हणजे अजिबात ताण न घेता करायची.

ताण न घेता तयारी करून देणारा त्या जंगलात एकच होता. जुन्या उंबराखाली त्याचा वर्ग भरायचा. बुंध्यावर पाटी होती: निवांत अभ्यासवर्ग. खाली लिहिलं होतं, ताण सोडा, जागा जोडा. वर्ग चालवणारे होते अजगर सर. सरांनी स्वतः जन्मात एकही परीक्षा दिली नव्हती, त्यामुळे परीक्षेचा ताण न घेणं कसं शक्य आहे हे ते स्वानुभवावरून सांगू शकत. फी किती, असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, ते आपण सावकाश बघू, आणि डोळे मिटायचे.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की अभ्यास ही दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट श्वास. श्वास आत घ्यायचा, विचार बाहेर सोडायचा. जेवल्यावर पडून राहायचं. हालचाल करायची ती अगदीच गरज पडली तर. उद्याचा विचार करायचा नाही. मग त्यांनी आपलं प्रसिद्ध सूत्र सांगितलं, जे ऐकायला लांबलांबून विद्यार्थी यायचे.

"समोर वाघ दिसला तर काय म्हणायचं?" सर म्हणाले. "म्हणायचं, हा वाघ नाही. हा माझ्या मनात आलेला वाघाचा विचार आहे. विचार येतो तसा जातो."

सगळ्यांनी ते तीनतीनदा म्हटलं. एका सशाला तर ते इतकं पटलं की तो रडायलाच लागला. हा ससा वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी होता. पंधरवड्यातच तो इतका निवांत झाला की सरांच्या अगदी जवळ, वेटोळ्यांना टेकून झोपायचा. एके दिवशी तो वर्गात दिसला नाही. सर दोन दिवस काही बोलले नाहीत. ते जरा सुस्तावले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की त्याला बाहेरगावी जागा मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बुंध्यावरच्या पाटीवर सशाचं नाव लागलं. त्यानंतर एक घूस लागली, दोन रानकोंबड्या एकदमच लागल्या. वर्गाचा निकाल फार चांगला होता.

गोदाक्काला मात्र या निकालाचं कौतुक वाटेना. ती केशरला सोडायला रोज वर्गाला यायची आणि वर्ग सुटेपर्यंत समोरच्या करवंदीच्या जाळीपाशी बसून राहायची, तोंडात घास धरून, केशरला मधल्या सुट्टीत द्यायला. मुलांच्या परीक्षांना आया अशाच बाहेर बसतात. पण बाकीच्या आया बसून गप्पा मारतात. गोदाक्का बसून वर्गाकडे बघायची. सरांनी वेटोळं जरा सैल केलं आणि त्यांची मान केशरच्या दिशेने वळली की ही बाहेरून भुंकायची. सर दचकायचे. ज्यांनी दचकायचं नाही असं शिकवायचं तेच दचकले की वर्गात खसखस पिकायची, आणि केशरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी येऊन ती आईवर चिडायची. तुझ्यामुळे माझं लक्ष लागत नाही, तुझ्यामुळे माझा निवांतपणा मोडतो, म्हणायची. गोदाक्का म्हणायची की त्या मास्तरचं पोट मला नीट वाटत नाही. परवा त्यात काहीतरी हलत होतं. केशरने हे सरांना ओशाळून विचारलंसुद्धा. सर म्हणाले, अनुभव आहे तो, आणि तो कधीकधी हलतो.

खरा घोळ पुढे झाला. सरांनी निवांतपणाच्या चाचण्या सुरू केल्या. आठवड्याला एक. विद्यार्थ्यांना ओळीने झोपवायचं आणि कानाशी अचानक सुकलेली फांदी मोडायची. ज्याचे कान कमी हलतील त्याला गुण जास्त. केशर दर वेळी शेवटून पहिली यायची. तिचे कान तर हलायचेच, पण शेपटी उभी राहायची आणि डोळे पांढरे व्हायचे.

आता तिला नवीन काळजी लागली. पूर्वी ती परीक्षेच्या काळजीने जागी राहायची, आता आपल्याला काळजी न करणं जमत नाही या काळजीने जागी राहू लागली. बाकीचे किती निवांत आहेत, आणि आपण बघा. ती खाईना, पिईना. निवांतपणाचा जादा तास लावला. सकाळी उठून निवांतपणाची उजळणी, संध्याकाळी निवांतपणाचा सराव. गोदाक्का म्हणाली, बाई गं, त्यापेक्षा घाबर की चार वेळा आणि मोकळी हो. पण आईचं कोण ऐकतं? आईने कुठली परीक्षा दिली होती?

शेवटी एकदाचं जमलं. कसं जमलं ते केशरलाही कळलं नाही. एका चाचणीला फांदी मोडली आणि तिचे कान हलले नाहीत. तिला वाटलं आपण बहिरे झालो. पण नाही, आवाज ऐकू आला होता. तो कानातून आत गेला आणि आत कुठेतरी हरवला. सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. केशरला आनंद व्हायला हवा होता, पण तो आनंदही वाटेतच कुठेतरी हरवला. तिला आत नुसतं सपाट वाटत होतं, ऐन उन्हाळ्यातल्या माळासारखं.

लेखी परीक्षा सोपी गेली. पाणवठ्याचा इतिहास होता, वाघाचं जंगलाच्या विकासातलं योगदान होतं. एक प्रश्न असा होता की वाघ दिसल्यास प्रथम काय कराल? पर्याय होते ओरडाल, पळाल, वरिष्ठांना कळवाल. केशरने शांतपणे वरिष्ठांवर खूण केली. तिच्या शेजारी बाबू साळिंदर बसला होता. बाबू लहानपणापासून तिच्याबरोबर परीक्षा देत आला होता आणि त्याला सगळं पाठ होतं. त्याने विचारलं, भीती नाही वाटत तुला? ती म्हणाली, नाही. बाबूने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि पुन्हा आपल्या उत्तराला लागला.

मुलाखतीला दोघेच उरले, केशर आणि बाबू.

मुलाखत राजाच्या गुहेत होती. आधी बाबूला आत बोलावलं. त्याला प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. राजाने जांभई दिली, बाबूचे काटे झपकन उभे राहिले, आणि त्यातला एक काटा पुढे खुर्ची सरकवायला आलेल्या तरसाच्या मांडीत घुसला. उमेदवाराची राहणी नीटनेटकी नाही, असा शेरा पडला. बाबू बाहेर आला तेव्हा पार खचला होता. केशरला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

मग ती आत गेली. राजा उंच शिळेवर बसला होता. तो खाली उतरला आणि तिच्याभोवती एक फेरी मारून आला. त्याच्या मिशा तिच्या मानेला लागल्या. बाहेर लांबून गोदाक्का भुंकल्याचा आवाज आला, अगदी जीव तोडून. केशरने श्वास आत घेतला. हा वाघ नाही, ती मनात म्हणाली. हा वाघाचा विचार आहे.

राजाने विचारलं, "समजा, एखाद्या संध्याकाळी आम्ही स्वतःच पाणवठ्यावर आलो. तर?"

"नमस्कार करीन, महाराज."

राजाने तरसाकडे पाहिलं. तरसाने राजाकडे पाहिलं. दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, पण ते समाधानाचं असावं असं केशरला वाटलं. नेमणूक जागीच झाली.

त्या दिवशी भेकरांच्या रानात काय आनंदीआनंद. मावशी, जी यंदा तरी होईल ना म्हणून विचारायची, ती आता मला आधीपासून खात्रीच होती म्हणून सांगत सुटली. गोदाक्काने लेकीची दृष्ट काढली. दृष्ट काढताना तिच्याकडून मीठमिरच्या दोनदा सांडल्या. तिला विचारलं तर म्हणाली, आनंदाने होतंय.

पहिल्या दिवशी पहाटे केशर आईला घेऊन पाणवठ्यावर गेली. पाणी आरशासारखं पडलं होतं. गोदाक्का काठाशी उभी राहिली आणि बराच वेळ प्यायलीच नाही. नुसती पाण्यात बघत राहिली. आपण एवढ्या म्हाताऱ्या झालो हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणाली. मग वाकली आणि पोटभर प्यायली. केशरच्या आतल्या त्या सपाट माळावर तेवढ्यापुरतं काहीतरी ओलं झालं.

संध्याकाळी खरी कामाची वेळ. केशर आपल्या शिळेवर जाऊन बसली. सगळं जंगल पाण्यावर आलं. नवीन नियमामुळे कुणी मान वर करून बघत नव्हतं. बघायचं कशाला, बघायला अधिकारी होता. सांबरं होती, रानडुकरं होती, एक ससुली पिल्लं घेऊन आली होती. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला होता असं ती सगळ्यांना सांगायची. आणि सगळ्यांच्या मागून, कुणी बोलावलं नसताना, गोदाक्काही लंगडत आली होती. पोरीचा पहिला दिवस बघायला.

गवत हललं.

केशरने पाहिलं. गवताच्या पिवळ्यात दुसरं एक पिवळं होतं, पट्ट्यांचं, आणि ते पुढे सरकत होतं. तिला तो वास आला. तिच्या हजार पिढ्या त्या वासाने भुंकत आल्या होत्या. तिच्या घशाशी काहीतरी चढलं, कढत, खरखरीत. तिने श्वास आत घेतला. ते खाली गेलं. हा वाघ नाही, तिने म्हटलं. पट्टे जवळ आले. हा वाघाचा विचार आहे. विचाराने पुढचे पाय आखडून घेतले. त्याच्या बरोब्बर समोर गोदाक्का उभी होती, त्याच्याकडे पाठ करून, लेकीकडे कौतुकाने बघत. केशरला आई दिसत होती, वाघ दिसत होता, आणि दोघांमधलं अंतर दिसत होतं. ओरडायला हवं हेही तिला कळत होतं. पण कळणं एकीकडे होतं आणि घसा दुसरीकडे. मधली वाट तिने स्वतःच, महिनोन् महिने मेहनत घेऊन, बंद केली होती.

गोदाक्काने लेकीचं तोंड बघितलं. मागे वळूनही पाहिलं नाही. लेकीचं ते शांत, रिकामं तोंड बघून ती जी घाबरली, तशी ती जन्मात कधी घाबरली नव्हती. आणि ती भुंकली.

काय भुंकली, मुलांनो. टेकड्यांनी तो आवाज झेलला आणि परत टाकला. पाणी उडालं, धूळ उडाली. सांबरं गेली, डुकरं गेली, ससुली पिल्लांना घेऊन कुठल्या कुठे गेली. राजाने झेप घेतली ती नुसत्या चिखलात. गोदाक्का आपला अधू पाय ओढत करवंदीच्या जाळीत घुसली ती दिसेनाशी झाली. पाणवठ्यावर दोघंच उरली, चिखलाने माखलेला राजा आणि शिळेवर बसलेली केशर.

केशरने नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. गुन्हा गंभीर होता. पाणवठ्यावर अनधिकृत ओरडणं झालं होतं, तेही राजेसाहेब कामात असताना. तरसाने केशरला समोर उभं केलं आणि विचारलं की हा आवाज कुणाचा. माझाच, असं ती म्हणाली तर पूर्वपरवानगीशिवाय ओरडल्याबद्दल नोकरी जाणार होती, आणि तिच्याबरोबर आईचं पहिलं पाणी. आईचा, असं म्हणाली तर आईला शिक्षा. माझा म्हणून सांगावं, हे केशरच्या मनात पहिल्यांदा आलं. आश्चर्य म्हणजे तिचे कान थरथरू लागले होते. किती दिवसांनी ती घाबरली होती, आणि घाबरल्यावर तिला कुठेतरी बरंही वाटलं. तिने तोंड उघडलं.

पण तिच्या आधी मागून आवाज आला. गोदाक्का लंगडत पुढे आली. तिची पाचावर धारण बसली होती, पण ती थेट राजासमोर येऊन उभी राहिली.

"मी ओरडले, सरकार," ती म्हणाली. "माझ्या पोरीने ब्र काढला नाही. गप्प होती बघा, अगदी गप्प. शेजारी बसलेल्याला तिचा श्वास ऐकू आला नसता. हवं तर मी कुणाच्याही पाया पडून सांगते. तिच्या नोकरीला हात लावू नका."

आपलं लेकरू आपल्याला वाचवायला ओरडलं नाही, ही साक्ष ती अभिमानाने देत होती. राजासुद्धा क्षणभर मिशी चावायची थांबला.

निकाल लगेच लागला. इशारा अधिकाऱ्याने कठीण प्रसंगी कमालीचा संयम दाखवला, म्हणून तिला कायम करण्यात आलं. गोदाक्काला पाणवठ्याच्या हद्दीत पाऊल टाकायला जन्माची बंदी झाली. तिने टेकडीवरच्या डबक्यावर पाणी प्यावं, असं ठरलं. ते डबकं म्हशींचं होतं.

निघताना गोदाक्का केशरपाशी आली आणि तिचा कान चाटून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. माझं झालं की पिऊन एकदा. तोंडही दिसलं." केशरला रडू फुटलं. तिने ते श्वासाबरोबर बाहेर सोडलं. ही आता सवयच झाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. टेकडी पाणवठ्याच्या हद्दीत येत नव्हती. गोदाक्का रोज संध्याकाळी टेकडीच्या टोकाशी येऊन बसायची. तिथून खालचं गवत सगळं दिसायचं. पान हललं की ती भुंकायची. ढगाची सावली सरकली तरी भुंकायची. म्हातारीचं सगळं आयुष्य घाबरण्यात गेलं होतं, त्यामुळे तिला त्याचे वेगळे कष्ट पडत नव्हते. खाली जंगल मान खाली घालून पाणी प्यायचं आणि एक कान टेकडीकडे ठेवायचं. वरून आवाज आला की सगळे सावकाश, शिस्तीत, अधिकाऱ्याला रामराम करून पळायचे.

राजा आणखी वाळू लागला. तरसाने टेकडी हद्दीत घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे, तो विचाराधीन आहे. केशरची कामगिरी मात्र उत्कृष्ट मानली जाते, कारण तिच्या काळात पाणवठ्यावर एकही जीव गेलेला नाही. निवांत अभ्यासवर्गाच्या पाटीवर सगळ्यात वर तिचं नाव आहे. तिथे प्रवेशासाठी झुंबड उडते. यंदा बाबू साळिंदरही जातो. तो सरांना टेकून झोपतो, पण सर त्याला जरा लांबच झोप म्हणतात.

रोज पहाटे केशर पाणवठ्यावर एकटी जाते. एकदा तिथे उभी असताना तिच्या मनात आलं की एखाद्या संध्याकाळी टेकडीवरून आवाज आलाच नाही तर? तिचे कान किंचित हलले. पण उद्याचा विचार करायचा नाही असं शिकवलेलं होतं. तिने तो सोडून दिला, वाकली, आणि कुटुंबाच्या वाट्याचं पहिलं पाणी एकटीच प्यायली.

तात्पर्य, मागणारच असाल तर: मुलांनो, परीक्षा असो वा मुलाखत, तयारी मन लावून करावी आणि ताण अजिबात घेऊ नये. घाबरण्याचं काम घरी आईकडे सोपवलेलं असतं. ते ती बिनपगारी करते.